बिल्ला आणि पदक

२१ नोव्हेंबर २०२२ रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अणुचाचण्यांत राबवलेल्या सैनिकांसाठी पदक जाहीर केलं. पहिली ब्रिटिश चाचणी ऑक्टोबर १९५२मधली, ऑस्ट्रेलियाच्या माँटेबेलो बेटांवरची. म्हणजे पदक यायला सत्तर वर्षं लागली. पदकाच्या एका बाजूला अणूचं चिन्ह आहे आणि त्याभोवती ऑलिव्हच्या डहाळ्या. अणुबॉम्बच्या चाचणीला शांततेची पानं गुंडाळायची कल्पना कुणाची, कोण जाणे! पण तेही सोडून देऊ. त्या म्हाताऱ्यांनी पदक मागितलं होतं, ते त्यांना मिळालं, चांगलं झालं. माझं भांडण त्या पदकाबरोबर जे आलं नाही त्याच्याशी आहे.

१९५२ ते १९५८ या काळात ब्रिटनने ऑस्ट्रेलियात आणि प्रशांत महासागरात २१ अणुस्फोट केले. त्यासाठी वीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक वापरले गेले. त्यातले कितीतरी सक्तीच्या लष्करी सेवेत भरती झालेले, अठरा-वीस वर्षांचे पोरगे होते. सोबत न्यूझीलंडचे खलाशी आणि फिजीचे सैनिकही होते. २८ एप्रिल १९५८ला ख्रिसमस बेटाजवळ ‘ग्रॅपल वाय’ हा सुमारे तीन मेगाटनांचा स्फोट झाला. हिरोशिमावरच्या बॉम्बच्या जवळपास दोनशेपट. या चाचण्यांच्या वेळी पोरांना स्फोटाकडे पाठ करून बसवायचे आणि डोळ्यांवर हात दाबून धरायला सांगायचे. मिटल्या डोळ्यांनाही आपल्या हातांची हाडं दिसली, असं त्यांच्यातल्या अनेकांनी पुढे सांगितलं आहे.

२०२२च्या आधी हेच पदक मागितलं की उत्तर यायचं, तुमची सेवा ‘जोखीम आणि खडतरपणा’ या निकषात बसत नाही. मग पदक दिलं, तेव्हा ही जोखीम मान्य झाली का? झाली असेल तर ती पेन्शनच्या खात्याला कुणी कळवलेली दिसत नाही.

तिथला नियम पाहा. सैन्य सोडल्यापासून सात वर्षांच्या आत दावा केला, तर आजार नोकरीमुळे झालेला नाही हे सरकारने सिद्ध करायचं. सात वर्षं उलटून गेली की ओझं सैनिकाच्या डोक्यावर येतं. विश्वासार्ह पुरावा त्याने आणायचा. इतर दुखापतींना हा नियम ठीक असेल. पण किरणोत्सर्गाने होणारे बरेचसे कर्करोग दहा, वीस, तीस वर्षांनी डोकं वर काढतात. म्हणजे दार उघडं असतं तेव्हा रोग नसतो, आणि रोग येतो तेव्हा दार बंद झालेलं असतं. हजाराहून अधिक जण न्यायालयात गेले. मार्च २०१२मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, मुदत टळली म्हणून त्यांना परत पाठवलं. आजाराचं कारण सिद्ध करणं फार अवघड जाईल, असंही बजावलं.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. १९८८पासून झालेल्या सरकारी अभ्यासांत या सैनिकांमधलं मृत्यूचं आणि कर्करोगाचं एकूण प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या इतर सैनिकांसारखंच आढळलं. रक्ताच्या कर्करोगाबाबतची शंका मात्र त्या अभ्यासांनीही पुरती पुसलेली नाही. उलट २००७मध्ये न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठाने पन्नास खलाशांची गुणसूत्रं तपासली, तेव्हा तुकड्यांची अदलाबदल झालेली गुणसूत्रं इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. स्फोटाच्या ढगातून विमान नेऊन नमुने आणणारा वैमानिक आणि तळावर भांडी घासणारा पोरगा या दोघांचा हिशेब एका सरासरीत कसा मांडणार? त्यासाठी प्रत्येकाने किती मात्रा घेतली हे कळायला हवं. आणि बहुतेकांच्या छातीवर ती मोजणारा बिल्लाच नव्हता.

मी आयुष्यभर क्ष-किरण विभागात नोकरी केली, म्हणून हा बिल्ला मला जवळचा. आमच्या छातीवर टीएलडी बिल्ला असायचा. दर तीन महिन्यांनी तो मोजणीला जायचा आणि माझ्या नावापुढे एक आकडा लिहून यायचा. वर्षानुवर्षं तो आकडा नगण्य आला. तरीही तो कुठेतरी लिहिलेला आहे, मागितला तर मिळेल, एवढा आधार असतो. कंबरेएवढ्या टेबलावर छातीचे फोटो काढणाऱ्या माणसाचा हिशेब ठेवतात, आणि तीन मेगाटनांसमोर बसवलेल्या पोराचा ठेवत नाहीत! शिवाय बिल्ला फक्त बाहेरून अंगावर पडलेलं मोजतो. श्वासातून, पाण्यातून, पकडून खाल्लेल्या माशांतून जे पोटात गेलं, ते त्यात येतच नाही. त्या काळी काहींचं रक्त आणि लघवी तपासली होती. त्या नोंदी मिळाव्यात म्हणून सैनिक आणि त्यांची कुटुंबं वर्षानुवर्षं कार्यालयांचे उंबरठे झिजवत आहेत.

नोंद ठेवायची जबाबदारी सरकारची, ती नसल्याचा फायदाही सरकारलाच. आपल्याकडे शाल-श्रीफळ देऊन बोळवण करतात, तसलाच हा प्रकार.

अमेरिका काही साधुसंत नाही. तिथल्या सैनिकांना १९९६पर्यंत गुप्ततेच्या शपथेमुळे तोंड उघडायची सोय नव्हती. तरी १९८८मध्ये त्यांनी एक कायदा केला. तुम्ही चाचणीच्या जागी होतात आणि यादीतला एखादा कर्करोग तुम्हाला झाला, एवढं दाखवलं की पुरे. मात्रा किती, कारण कोणतं, हे विचारायचं नाही. फिजीच्या सरकारने तर २०१५मध्ये ब्रिटनची वाट पाहणं सोडून आपल्या हयात असलेल्या चोवीस सैनिकांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे दिले. बॉम्ब ब्रिटनचा, भरपाई फिजीची.

ब्रिटनचं हे पदक मृत सैनिकाच्या कुटुंबालाही मिळतं. त्यासाठी तो तिथे होता एवढंच पाहतात. तो कशाने गेला, याचा पुरावा कुणी मागत नाही. पेन्शनलाही हाच नियम लावावा, सात वर्षांची अट या लोकांपुरती काढून टाकावी आणि रक्ताच्या तपासण्यांचे कागद घरच्यांच्या हाती द्यावेत. ग्रॅपल वायच्या दिवशी जो वीस वर्षांचा होता, तो २०२२मध्ये पदक जाहीर झालं तेव्हाच चौऱ्याऐंशीचा झाला होता.