सीमाभाग आणि छापील शब्द

राष्ट्र ही कल्पना सामान्य माणसाच्या दारी येते ती वर्तमानपत्राच्या घडीतून आणि आकाशवाणीच्या आवाजातून. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला याची पुरेपूर प्रचीती आलेली आहे.

१९१९ साली बाबुराव ठाकूर यांनी बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केले, तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. स्वराज्य आणि स्वभाषा यांत त्या पिढीला द्वैत वाटत नव्हते. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हेही व्यवसायाने संपादकच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. पुढे कचेरीची भाषा कन्नड झाली. मराठीला आधार उरला तो घराचा, शाळेचा आणि वृत्तपत्राचा.

मात्र याच घरांतील रेडिओवर सांगलीप्रमाणे धारवाडही लागत असे. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल यांना ऐकताना कोणी त्यांची मातृभाषा विचारली नाही. वृत्तपत्राने आमची अस्मिता राखली, तशी आकाशवाणीने शेजाऱ्याची ओळख राखली. यांपैकी एकच पुरेसे मानणे आम्हांस घातक वाटते.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल आपल्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच: घरात येणारे मराठी पत्र आपल्या मुलांना वाचता यावे. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील वाचकांनीही हे आपल्या घरी पडताळून पाहावे, ही विनंती.