लिव्हर झूम वाढवायला नको, खाली आणायला घ्या



हरभरा घाट्यात आला की आपल्या चुडावा-पूर्णा भागात दरसाल एकच विषय निघतो. डुकरं आणि रोही. दिवसभर राबायचं अन् रात्री आखाड्यावर जागल करायची. या जागलीच्या गप्पांत आता नवीनच प्रश्न यायला लागला. परवान्याची रायफल असलेले एकदोघं अन् ऑनलाइन एअरगन मागवलेली बरीच पोरं विचारतात, "भाऊ, स्कोपवर थ्रो लिव्हर कोणता बसवावा?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीला, म्हणजे स्कोपला, मागच्या बाजूला झूमची रिंग असते. ती फिरवली की ३ पटीपासून ९ पटीपर्यंत मोठं दिसतं. थंडीत बोटं आखडलेली असतात, रिंग जड असते, हाताला दव लागलेलं असतं. म्हणून त्या रिंगवर बोटाएवढा एक दांडा कसतात. हाच थ्रो लिव्हर. ट्रॅक्टरच्या हातातल्या ॲक्सिलेटरसारखा, ढकलला की काम झालं.

माझं मत सरळ आहे. लिव्हर झूम पटकन वाढवायला घेणार असाल तर घेऊ नका. झूम पटकन खाली आणायला घेणार असाल तर पैसे कामी आले.

का, ते हिशोबानं बघू. आपल्याकडं सगळ्यात जास्त विकला जाणारा स्कोप ३-९×४० चा. १०० मीटरवर ३ पटीला त्यातून साधारण ११-१२ मीटर रुंद रान दिसतं. ९ पटीला जेमतेम ४ मीटर. म्हणजे ५० मीटरवर ९ पटीला दोन मीटरचाच तुकडा. डुक्कर त्यात मावलं, पण त्याच्या बाजूला काय आहे, मागं काय आहे, ते गेलं.

दुसरा हिशोब उजेडाचा. ४० मिलिमीटरच्या काचेला जितकी पट, तितकानं भागा. ९ पटीला ४.४ मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, ६ पटीला ६.७ चा. तरण्या माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीच्या पुढं ५ च्या आसपास. म्हणजे दिवस बुडाल्यावर झूम पुरा वाढवला की चित्र मोठं होतं पण काळवंडतं. अंधारात जास्त दिसावं म्हणून झूम वाढवणारा माणूस स्वतःच उजेड कमी करून घेतो.

आता त्या न दिसणाऱ्या रानात कोण असतं ते आठवा. आपली लाईट रात्रपाळीची. रात्री एक वाजता कुणीतरी बारं द्यायला उठलेलंच असतं, बॅटरीचं चार्जिंग वाचवायला अंधारात बांधावर बसलेलं असतं. ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या फडाच्या कडंला. त्यांची बैलं, लेकरं. कुणाची सुटलेली कालवड. रोहीची मादी भुऱ्या रंगाची असते, अंधारात कालवड अन् तिच्यात फरक करायला जाणता माणूससुद्धा थांबतो. हे सगळं ९ पटीच्या दोन मीटरच्या भोकात दिसत नाही.

अन् आपली जमीन सपाट. काळी माती, ना डोंगर ना टेकाड. गोळी चुकली तर अडवायला काही नाही. साध्या पॉइंट टू टू च्या काडतुसाच्या खोक्यावरसुद्धा दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. रायफलची गोळी त्याच्यापेक्षा कितीतरी लांब जाते. आपल्या इथून दीड मैलात किती आखाडे, किती वस्त्या अन् रेल्वेचा रूळ येतो ते ज्याचं त्यानं मोजावं. माळ्यावरून खाली, मातीच्या दिशेनं रोख असला तर गोळी जमिनीत जाते. उभ्यानं, आडवं मारणं म्हणजे नशिबावर सोडणं.

म्हणून लिव्हरचा खरा फायदा मी वेगळा मानतो. तो अंधारात बोटाला सांगतो की झूम कुठं आहे. रिंगवरचे आकडे रात्री दिसत नाहीत. लिव्हर डाव्या बाजूला आडवा असला की झूम सगळ्यात कमी, हे एकदा ठरवून बसवलं की डोळा न काढता, बॅटरी न लावता कळतं. बसल्या जागी पहिलं काम म्हणजे लिव्हर चाचपून खाली आणणं. ही सवय लागली तर तो दांडा सार्थकी लागला.

घेताना बघायच्या गोष्टी अशा:

१. माप. सगळ्या स्कोपच्या रिंगचा घेर सारखा नसतो. व्हर्नियरनं रिंगचा बाहेरचा व्यास मोजा, मगच मागवा. आपल्या मॉडेलचाच मिळाला तर उत्तम. ढिला लिव्हर नुसता रिंगवर घसरतो, अन् तुम्हाला वाटतं झूम उतरला.

२. उंची. लांब दांडा हलका फिरतो, पण झाडीत अडकतो, कापडात गुंततो अन् नकळत फिरतो. बोटाच्या एका पेराएवढा पुरे.

३. जागा. बंदूक रिकामी करा, दोनदा तपासा. मग लिव्हर दोन्ही टोकाला नेऊन बोल्ट उघडून-लावून बघा. बोल्टचा दांडा लिव्हरला घासला तर जागा बदला. कोणत्या बाजूला फिरवलं की झूम वाढतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ते आधी बघा.

४. कसणं. स्क्रू थोडा थोडा, आलटून पालटून कसा. जास्त आवळला तर रिंगच जाम होते. काही स्कोपमध्ये रिंगसोबत मागचा सगळा आयपीसच फिरतो, तिथं झाकण लिव्हरला अडतं का ते पण बघा.

५. खुणा. बऱ्याच स्कोपमध्ये झूम बदलला तरी आतली रेघ तेवढीच राहते. अशा स्कोपच्या खालच्या खुणांचं माप एकाच पटीला बरोबर येतं. लिव्हरनं झूम हलवणार असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा.

आता कुणाला लिव्हर लागतच नाही ते. बारा बोरच्या छऱ्याच्या बंदुकीला नाही, तिचं काम तीस-चाळीस मीटरच्या आतलं. ठासणीच्या बंदुकीला तर नाहीच. अन् १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी म्हणून नाव घेतलंय ते ठासणीच्याच बंदुकीचं.

एअरगनवाल्या पोरांना थोडं स्पष्ट बोलतो. पॉइंट वन सेव्हन सेव्हनची, २० ज्यूलच्या आतली एअरगन विनापरवाना मिळते हे खरं. पण तिनं डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर सकाळी कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगावर जातं. पोपट, मोर, वानर यांच्यावर तर नेमसुद्धा धरू नका. वन्यजीव कायद्यात नुसतं जखमी करणं हीसुद्धा शिकारच. डब्यावर नेम धरायचा असेल तर खुशाल धरा, पण स्प्रिंगच्या एअरगनचा दुहेरी झटका साध्या स्कोपची आतली काच हलवतो. त्यामुळं लिव्हरच्या आधी एअरगनसाठी बनवलेला, जवळच्या अंतराला साफ दिसणारा स्कोप बघा.

परवान्याची रायफल आहे म्हणून डुक्कर मारता येतं असंही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. डुक्कर अन् रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ११ खाली उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी परवानगी मिळू शकते, पण ती लेखी पाहिजे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यासाठी पिकाच्या कारणावर परवानगी नाही. संध्याकाळच्या उजेडात काळविटाची मादी अन् रोहीचं पिल्लू ओळखता येत नसेल तर कागद खिशात असूनही उपयोग नाही.

कुणी म्हणेल, मग ओळखायला झूम लागतोच की! लागतो. पण तो बंदुकीवर नको. स्कोपमधून ज्याच्याकडं बघता त्याच्याकडं नळी रोखलेली असते. अंधारातलं काहीतरी "कोण आहे" म्हणून स्कोपमधून बघणं म्हणजे एखाद्या दिवशी शेजाऱ्याच्या छातीवर बंदूक धरणं. ओळखायला गळ्यात साधी हातातली दुर्बीण ठेवा, ७×५० किंवा ८×४२. आधी तिनं बघा. ओळख पटली, मागं माती आहे हे दिसलं, परवानगी खिशात आहे, तरच बंदूक उचला. तेव्हाही लिव्हर खालीच. नसेल पटत तर बॅटरी मारा, डबा वाजवा, हुसकून द्या.

माझ्याकडं दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील तर मी हातातली दुर्बीण घेईन. उरलेच तर लिव्हर. एका रात्रीत डुकरं पाच-दहा सऱ्या उकरतात, त्याचं दुःख मला माहीत आहे. पण हरभरा पुढच्या साली परत पेरता येतो. बारं द्यायला गेलेला माणूस परत पेरता येत नाही.