चालकाने ओळखलेला नट

कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. याच नावाचे राज्य परिवहनाचे आगार बहुतेक प्रवाशांना गाडीच्या पाटीपुरतेच ठाऊक असते. परंतु एस.टी.च्या कोणत्याही आगारात वेळापत्रकाबाहेरचे एक जग नांदत असते. चालक आणि वाहक दिवसाचा मोठा भाग एकाच गाडीत काढतात, मुक्कामी गाडीबरोबर परगावी रात्र काढतात. घरची दुखणी, कर्जे, मुलांच्या परीक्षा हे सारे त्यांना परस्परांचे ठाऊक असते. तिकीट देणारा हात ढोलकीवरही चालतो, ही गोष्टही घरच्यांच्या आधी पुष्कळदा जोडीदारालाच कळते.

कलेचे इतिहास गुरूंची, आश्रयदात्यांची आणि रसिकांची नावे नोंदवतात. तालमीला जाता यावे म्हणून बदली पाळी करणाऱ्या सोबत्याचे नाव त्यांत क्वचितच सापडते. म्हणूनच बंगळूरचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथील एका मराठी कुटुंबात १९५० साली जन्मलेला शिवाजीराव गायकवाड हा तरुण शहर बससेवेत वाहक होता. त्याच गाडीवरील चालक राजबहादूर याने या तरुणातील नट ओळखला. १९७३ साली मद्रासच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत जाण्याचा आग्रह त्याने धरला, आणि शिक्षण चालू असताना स्वतःच्या पगारातून पैसेही पुरवले. १९७५ साली के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटातून तो वाहक रजनीकांत या नावाने पडद्यावर आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना त्याने दिग्दर्शक आणि थोरल्या भावाबरोबर या चालक मित्राचेही कृतज्ञतेने स्मरण केले.

ही कथा नशिबाची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यात एक साधे अर्थशास्त्र दडलेले आहे. राजबहादूर मित्राला पैसे देऊ शकला, कारण महिन्याच्या ठरावीक दिवशी त्याच्या हाती पगार पडत होता. मैत्रीला अंतःकरण लागते हे खरे. पण मैत्री निभावण्यासाठी स्थिर वेतन, ठरलेली पाळी आणि उद्याही याच सोबत्याबरोबर काम करावयाचे आहे हा भरवसा लागतो. ज्याची स्वतःचीच भाकरी रोज अधांतरी लोंबकळते, त्याने दुसऱ्याच्या कलेचा भार कसा उचलावा?

महाराष्ट्राच्या श्रमिक चळवळीला हे सत्य नवे नाही. गिरणीत राबलेले अण्णा भाऊ साठे, बार्शीच्या कामगार लढ्यातून आलेले अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. कामगारवस्ती हाच त्यांचा पहिला श्रोता आणि पहिला टीकाकार होता. नारायण सुर्वे गिरणीत राबले, पालिकेच्या शाळेत शिपाई आणि पुढे शिक्षक झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ प्रसिद्ध झाला तेव्हा कामगाराचे जगणे त्या संग्रहातून थेट बोलू लागले. एकाच भोंग्याला उठणाऱ्या माणसांचा सहवास नसता, तर ही वाणी अशी घडती ना.

आज घाला पडतो आहे तो या सहवासावर. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, आणि त्याबरोबर भजनी मंडळे, कलापथके आणि नाट्यसंघ यांची जमीनही खचली. आता कंत्राटी पद्धत तीच गोष्ट निराळ्या मार्गाने करीत आहे. एस.टी.च्या भाडेतत्त्वावरील वीजगाड्यांवर चालक कंत्राटदाराचा आणि वाहक महामंडळाचा असतो. एकच गाडी, एकच रस्ता. पण मालक दोन, वेतन दोन आणि रजेचे नियमही दोन. अशा जोडीत मैत्री होणारच नाही असे नव्हे. मात्र दोघांची पाळी, संघटना आणि उद्याची शाश्वती वेगळी झाली, की ती मैत्री रुजण्यापूर्वीच उपटली जाण्याची भीती असते.

पगार थकलेला असताना कला आणि मैत्री यांच्या गोष्टी कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. तालमीची खोली मिळाली म्हणून थकबाकी माफ होत नाही, आणि सोबत्याची माया हा मालकाच्या कर्तव्याला पर्याय होऊ शकत नाही. परंतु आठ तासांच्या कामाची मागणी जगभरच्या कामगारांनी केली, ती विश्रांतीइतकीच स्वतःच्या जीवनासाठीही केली होती. कामगार केवळ राबण्यासाठी जन्माला आलेला नाही, हे सिद्ध करण्याचे एक साधन म्हणजे त्याची कला होय.

म्हणून युनियनच्या मागणीपत्रकात या विषयाला जागा हवी. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याखाली कामगाराच्या वेतनातूनही वर्गणी कापली जाते. त्या पैशातून चालणाऱ्या केंद्रांचा आणि नाट्यस्पर्धांचा लाभ कंत्राटी सोबत्यालाही मिळतो की नाही, हे कार्यकर्त्यांनी तपासले पाहिजे. तालमीसाठी पाळी बदलून घेण्याची सोय लेखी नियमात यावी. ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू नये. विश्रांतिगृहात निजण्यापुरती स्वच्छ जागा आणि वाचण्यापुरता उजेड असावा. या मागण्यांना फारसा पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी.

राजबहादूरला आपल्या गाडीतला नट ओळखता आला, कारण तो रोज त्याच्याबरोबर होता. विठ्ठलवाडीच्या आगारात, शहाडच्या कारखान्यात किंवा अंबरनाथच्या कार्यशाळेत असा एखादा गायक, कवी वा चित्रकार आज पाळी संपवून घरी जात असेल. त्याला ओळखणारा सोबती त्याच्या शेजारी टिकून राहावा, हीसुद्धा कायम नोकरीसाठी झगडण्याची एक सबळ कारणमीमांसा आहे.