शकुंतला थांबली, बार्शी लाइट धावली : फरक कशाचा?

मूर्तिजापूरहून एक फाटा कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळला जातो, ११३ किलोमीटरचा. दुसरा दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला, ७६ किलोमीटरचा. ही आपली शकुंतला. गेल्या दशकात दोन्ही फाट्यांवरची गाडी बंद पडली. रुळात बाभळी उगवल्या. "तोट्यातली गाडी, बंद होणारच," असं आपण म्हणतो आणि विषय सोडून देतो. पण एवढ्यानं भागत नाही.

ही लाइन इंग्रजांच्या काळात घातली ती वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराला नेण्यासाठी. रूळ अडीच फुटी, म्हणजे नॅरो गेज. मूर्तिजापुरात मोठ्या लाइनला गाठ पडायची, तेव्हा प्रत्येक गाठ उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. दुहेरी हमाली, वर वेळ. पुढं डांबरी रस्ते झाले आणि ट्रक थेट जिनिंगच्या दारात येऊ लागला. मग माल शकुंतलेकडं कशाला जाईल? १९९४ साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण रूळ तेच राहिले.

आता दुसरी बाजू बघा. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वेही अडीच फुटीच. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज गाठली. तिथंही दुहेरी हमाली होती, तिथंही ट्रक आले. मग ती कशी टिकली?

फरक मालकीचा आहे. बार्शी लाइट सरकारनं १९५४ साली विकत घेतली. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं मोठ्या रुळाची झाली. शकुंतलेची मालकी मात्र स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीकडंच राहिली आणि गाडी चालवायची रेल्वेनं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. रूळ सुधारायला पैसा कुणी घालायचा, याचं उत्तरच मिळालं नाही.

टिकलेल्या लाइनचं मोल एप्रिल २०१६ मध्ये कळलं. लातूर तहानेनं व्याकूळ झालं, तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी याच जुन्या बार्शी लाइटच्या वाटेनं पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे आलं. पहिल्याच गाडीत ५० हजार लिटरचे १० टँकर, म्हणजे ५ लाख लिटर. लाइन उखडली असती, तर हे पाणी कशातून आणलं असतं?

यवतमाळसाठी वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाइन होत आहे. तिचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ही चांगलीच गोष्ट, पण तिनं कारंजा, दर्यापूर, अंजनगावची सोय होत नाही. तिथला कापूस, तूर, सोयाबीन ट्रकनंच जाणार आणि डिझेल वाढलं की भाडं शेवटी आपल्याच भावातून कापलं जाणार.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना दोन कामं सुचवतो. एक, लाइनची पट्टी मोकळी राहू द्या. धुरा सरकवून दोन तास वाढवले तर आज बरं वाटतं, पण गेलेली सलग पट्टी परत मिळवायला भूसंपादन लागतं, आणि त्यात जमीन जाते ती गावाचीच. दोन, ग्रामसभेत नुसता "रेल्वे सुरू करा" असा ठराव घेऊ नका. गावातून कुठल्या महिन्यात किती क्विंटल माल निघतो, कुठं जातो, क्विंटलमागं भाडं किती पडतं, हे बाजार समिती आणि जिनिंगवाल्यांकडून घेऊन ठरावाला जोडा. लाइनवरच्या सगळ्या गावांनी हा हिशेब एकत्र मांडला, तर मागणीला वजन येईल. हंगाम संपला की हे काम हाती घ्या.