सीमेवरचा वाटा
टेक्सासच्या मेक्सिको-सीमाभागात राज्याची सुमारे २० टक्के लोकवस्ती होती. सरकारी विद्यापीठांवरच्या खर्चातला वाटा मात्र जेमतेम १० टक्के होता. पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे पुरेसे पर्याय असलेले विद्यापीठ गाठायला तिथल्या विद्यार्थ्याला सरासरी २२५ मैल जावे लागे, इतरत्र ४५. या अन्यायाविरुद्ध लॅटिनो संघटनांनी १९८७मध्ये दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये तो फेटाळला, पण दाव्याच्या धाकाने विधिमंडळाने तोवर थैली थोडी सैल केली होती. खरी मेख होती ती तेलजमिनींच्या उत्पन्नावर पोसलेल्या राज्याच्या कायम विद्यापीठ निधीची. सीमेवरच्या रिओ ग्रांडे खोऱ्याला त्याचे दार २०१३च्या कायद्याने उघडले. तिथल्या दोन संस्था मिळून झालेले नवे विद्यापीठ २०१५मध्ये सुरू झाले. इतकी वर्षे लावणे टेक्सासला शोभले नाही.