कबर शोधायची, पण कोणत्या वहीत?

इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला दफनांची नोंद सक्तीची झाली. १८१३ पासून छापील तक्त्यात मृताचे नाव, वास्तव्य, वय, दफनाची तारीख येऊ लागली. कबरीची नेमकी जागा मात्र त्यात नाही! मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रतीही लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परंतु आमच्या गडब-पेण-रोहा पट्ट्यातील ‘शनवार तेली’, म्हणजे बेने इस्रायली, चर्चच्या वहीत कसे सापडणार? त्यांच्या वंशजांसाठी पेणकर, रोहेकर ही आडनावेच पहिला दुवा; पुढचे काम कबरस्तानातील हिब्रू-मराठी लेखांचे. वहीची प्रत निघाली, दगडाची निघालेली नाही. तेव्हा लंडनकडे वळण्याआधी हे लेख वाचून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि तीही येत्या पावसाळ्यापूर्वी.