बाजारात दुकान, नकाशात पत्ता नाही!

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात डांबले गेले, तेव्हापासून ‘नकाशा’ हा शब्द सीमावासीयांच्या जिव्हारी लागलेला आहे. ती अन्यायाची रेघ पुसण्यासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकालाच्या प्रतीक्षेत आहे. तो निकाल आमच्या हाती नाही. परंतु आज आणखी एक नकाशा आमच्या बाजारपेठेचे भवितव्य ठरवू लागला आहे, आणि त्यात आपली जागा राखणे मात्र सर्वस्वी आमच्याच हाती आहे. हा नकाशा म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनमधील नकाशा होय.

चंदगडचा शेतकरी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यास बेळगावी येतो, गोव्याचे कुटुंब चोर्ला घाट चढून साड्या आणि कुंदा नेण्यास येते, ही आमच्या पेठेची जुनी पुण्याई. पूर्वी असा पाहुणा चार जणांना विचारीत खडेबाजार किंवा गणपत गल्ली गाठी. आता तो घरून निघण्यापूर्वीच फोनला विचारतो आणि प्रथम जी दोनतीन दुकाने दिसतील तिकडे वळतो. तीन पिढ्यांची पेढी त्यांत नसेल, तर त्याच्या लेखी ती नाहीच!

ही निवड कशावर होते? गूगलने स्वतःच तीन कसोट्या सांगितल्या आहेत : गिऱ्हाईक जे शोधते त्याच्याशी दुकानाचा मेळ, गिऱ्हाइकापासूनचे अंतर, आणि दुकानाचा लौकिक. अंतर बदलणे आमच्या हाती नाही; उरलेल्या दोन गोष्टी आहेत. ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या नावाची नोंद विनामूल्य करता येते. तीत धंद्याचा नेमका प्रकार, फोन क्रमांक, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, साप्ताहिक सुटी आणि दुकानाची खरी छायाचित्रे असावीत. सणासुदीला वेळ बदलली, तर तीही नोंदवावी. बंद दारापुढून परतलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. पैसे घेऊन पहिला क्रमांक मिळवून देतो, असे फोनवर सांगणाऱ्याला थारा देऊ नये. जाहिरात निराळी, या क्रमवारीतील स्थान विकत मिळत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. आपण नोंद केली नाही म्हणजे ती नसतेच असे नव्हे. कोणीही वाटसरू आपले दुकान नकाशावर घालू शकतो, त्याचे नाव वा वेळ बदलण्याची सूचना करू शकतो, किंबहुना ते कायमचे बंद झाले असेही सुचवू शकतो. ज्या नोंदीला धनी नाही, तिची राखण कोण करणार? आपले नाव कसे लिहावे हे दुसऱ्याने ठरविल्याचे दुःख सीमाभागाला नव्याने सांगावयास नको.

कर्नाटक सरकारने २०२४ साली कायद्यात दुरुस्ती करून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडची सक्ती केली. मराठी अक्षरांना पाटीवर उरली ती कोपऱ्याची जागा. परंतु दुकानाच्या नोंदीत ७५० अक्षरांचे वर्णन लिहिता येते, आणि ते मराठीत लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही. २०१४ साली शहराचे सरकारी नाव बदलले, तरी शोधणारा मराठी माणूस आजही ‘बेळगाव’ असेच लिहितो; तेव्हा वर्णनातही ‘बेळगाव’च असावे. गिऱ्हाइकाने मराठीत अभिप्राय दिला, तर त्यास मराठीतच उत्तर द्यावे. नाव मात्र पाटीवर आहे तेच नोंदवावे. त्यास ‘सर्वांत स्वस्त’, ‘सर्वोत्तम’ अशी शेपटे जोडणे नियमबाह्य असून त्यापायी नोंद स्थगित होऊ शकते.

लौकिकाच्या बाबतीत तर आम्ही अधिकच निक्षून सांगू. भाडोत्री अभिप्राय विकत घेणे म्हणजे खोट्या मापाने धान्य विकणेच होय. समाधानी गिऱ्हाइकास दोन शब्द लिहिण्याची विनंती करावी, तक्रार आल्यास सौजन्याने उत्तर द्यावे, चूक झाली असल्यास ती सुधारावी. आमच्या वाडवडिलांनी पत कमावली ती याच मार्गाने.

वयोवृद्ध दुकानदारांना हे तंत्र अवघड वाटेल, हे आम्ही जाणतो. येथेच गल्लोगल्लीच्या युवक मंडळांचे काम आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी जे तरुण दुकानांच्या पायऱ्या चढतात, त्यांनी त्याच फेरीत प्रत्येक मराठी दुकानाची नोंद तपासावी, नसेल तर करून द्यावी आणि तिची किल्ली दुकानदाराच्याच हाती ठेवावी. शहापूर, वडगाव, टिळकवाडी येथील एकही मराठी दुकान वगळले जाऊ नये. मराठी पेठ टिकली तरच मराठी शाळांना, वाचनालयांना आणि या लढ्याला आधार राहील. न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागो. या नकाशावरील आपली जागा मात्र व्यापारीबंधूंनी आजच ताब्यात घ्यावी!